बिडाचा तवा

इतिहास म्हटला म्हणजे आम्हां मालवणच्या माणसांची नजर आपोआप समुद्राकडे वळते. समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं श्रीशिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर त्याचा पाया घातला आणि १६६७ सालीं तो पुरा झाला, हें आमच्याकडील लहान मुलालाही मुखोद्गत असतें. छत्तीस वर्षें मीं हाच इतिहास वर्गांत शिकविला. परंतु आज ज्या वस्तूचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें, ती कोणत्याही किल्ल्यावर नाहीं कीं पदार्थसंग्रहालयांत नाहीं. ती आपल्या स्वयंपाकघरांत, चुलीमागच्या खुंटीला टांगलेली असते. निदान परवांपरवांपर्यंत असे. ती वस्तु म्हणजे बिडाचा तवा.

विषय ऐकून कोणाला हंसूं येईल. तव्याला कसला आला आहे इतिहास? पण मला हा विषय एका चुकीनें शिकविला, आणि ती चूक माझ्याच हातून घडली होती. ती कशी, हें ओघानें सांगेनच. तत्पूर्वीं तवा आमच्या चुलीवर आला कोठून, तें पाहूं.

लोखंडापूर्वीं आमच्या किनाऱ्यावर तव्याचें काम मातीचें खापर करीत असे. याचा पुरावा कोणत्याही बखरींत शोधावयास नको. तो आमच्या पानांतच वाढलेला असतो. गूळ घातलेल्या नारळाच्या रसांत बुडवून खावयाचा जो जाड, जाळीदार पदार्थ आम्ही करतों, त्याचें नांव खापरोळी. आज ती खापरावर क्वचितच कोणी करीत असेल. पण भांडें गेलें तरी भांड्याचें नांव पदार्थाला चिकटून राहिलें. खापराचा गुण असा कीं तें सावकाश तापतें आणि सावकाश निवतें; दोष असा कीं तापलेलें असतां गार पाणी लागलें तर तडकतें. ‘ऊन भांड्यावर पाणी ओतूं नये’ हा आमच्या बायकांचा दंडक मूळचा खापराचाच असावा, असें मला वाटतें. पुढें तोच दंडक बिडाच्या तव्यालाही तंतोतंत लागू पडला, त्याचें कारण लवकरच कळेल.

खापरानंतर आला तो लोहारानें घडविलेला तवा. लोखंड आपल्या देशांत फार जुनें आहे. नागपूरजवळ नाईकुंड येथील उत्खननांत लोखंड गाळण्याची एक भट्टी सांपडली असून, तिचा काळ इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराचा धरतात. आमच्या कोंकणांत तर लोखंड पायांखालींच आहे. ज्या जांभ्या दगडाचीं आमचीं घरें, त्या दगडाचा तांबडा रंग हा लोखंडाच्या गंजाचाच रंग होय. फ्रान्सिस ब्युकॅनन नांवाच्या स्कॉटिश प्रवाशानें केरळांत असला दगड पाहिला आणि १८०७ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत विटेच्या लॅटिन नांवावरून त्याला ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. तें पुढें जगभर रूढ झालें. महाबळेश्वराच्या पठारावर धावड नांवाचे लोक याच जातीच्या दगडांतून कोळशाच्या भट्टींत लोखंड काढीत असत. विलायतेचें स्वस्त लोखंड येऊं लागलें, रानांतून कोळसा पाडण्यावर निर्बंध आले, आणि एकोणिसाव्या शतकांत त्यांचा धंदा बसला. आमच्या जिल्ह्यांत वेंगुर्ले तालुक्यांत रेडी येथें लोहखनिजाच्या खाणी निघाल्या, त्या मागाहून, विसाव्या शतकांत. तेथील खनिज जहाजांत भरून परदेशीं गेलें.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. नाईकुंडच्या कारागिरानें काय, धावडानें काय, जें लोखंड काढलें तें वितळून पाण्यासारखें वाहिलेलें नव्हे. शुद्ध लोखंड वितळावयास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि भात्यावर चालणाऱ्या लहान भट्टींत ती मिळत नाहीं. तेथें मिळतो तो लोखंडाचा स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. तो पुनःपुन्हां तापवून घणानें ठोकावयाचा, त्यांतील मळी बाहेर काढावयाची, आणि मग त्याची कुदळ, कोयता, विळी किंवा तवा घडवावयाचा. हें घडीव लोखंड. तें वाकतें, ठोकलें असतां पसरतें, आणि मोडलें तर गांवचा लोहार तें पुन्हां सांधून देतो.

बिडाची जात निराळी. लोखंड उंच भट्टींत कोळशाच्या संगतींत फार वेळ राहिलें, म्हणजे तें कोळशांतील कार्बन आपल्यांत ओढून घेतें. शेंकडा दोनपासून चारपर्यंत कार्बन त्यांत मुरला कीं तेंच लोखंड साडेअकराशें ते बाराशें अंशांच्या दरम्यान वितळूं लागतें आणि सांच्यांत ओततां येतें. ओतलेलें म्हणून तें ओतीव लोखंड. बाजारच्या भाषेंत बीड. कार्बनामुळें तें सुलभपणें वितळलें खरें, पण त्याच कार्बनामुळें तें ठिसूळही झालें. बीड वाकत नाहीं, फुटतें. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलें तर एक भाग एकदम आकसतो, दुसरा आकसत नाहीं, आणि मध्यें चीर जाते. खापराचा दंडक बिडाला लागू पडतो तो असा. आणि फुटलेला बिडाचा तवा लोहारालाही जोडतां येत नाहीं. तो भंगारांत जातो, पुन्हां भट्टींत पडतो, आणि कोणत्या तरी निराळ्या रूपानें परत येतो.

बीड ओतण्याची विद्या प्रथम साधली ती चिनी लोकांना. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकाच्या सुमारासच ते ओतीव लोखंडाचीं हत्यारें व भांडीं करीत होते. युरोपांत ही विद्या यावयास पुढें कित्येक शतकें लागलीं. आणि आली तेव्हां तिचा मोठा उपयोग झाला तो तोफा आणि तोफांचे गोळे यांकडे. स्वयंपाकघराकडे हें लोखंड वळविण्याचें बरेंचसें श्रेय अब्राहम डार्बी या इंग्रज ओतकाऱ्यास दिलें जातें. त्या काळीं चांगलें ओतीव भांडें म्हणजे पितळेचें, आणि तें गरिबाला परवडत नसे. डार्बीनें वाळूच्या सांच्यांत पातळ अंगाचीं लोखंडी भांडीं ओतण्याची रीत बसविली आणि १७०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १७०९ सालीं कोलब्रुकडेल या गांवीं लांकडी कोळशाऐवजीं दगडी कोळशाचा कोक वापरून त्यानें लोखंड गाळलें. विलायतेंतील यंत्रयुगाचा प्रारंभ सांगतांना हें १७०९ साल आम्ही मुलांकडून घोकून घेत असूं. पण त्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशीं डाळ शिजविण्याचें भांडें स्वस्त करावें ही एक साधी खटपट होती, हें मीं मुलांना कधीं सांगितलें नाहीं. मला स्वतःलाच तें फार उशिरां कळलें.

आपल्या देशांत मोठ्या प्रमाणावर बीड होऊं लागलें तें कारखान्यांच्या काळांत. १९०७ सालीं टाटांची लोखंडाची कंपनी स्थापन झाली आणि १९११ च्या डिसेंबरांत जमशेदपूरच्या भट्टींतून पहिलें बीड बाहेर आलें. म्हैसूर संस्थानांत भद्रावतीचा कारखाना १९२३ सालीं चालू झाला. आमच्या घाटावरची गोष्ट तर याहून जवळची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाच्या नांगरानें जमिनींत विष कालवलें जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास फार दिवस लागले. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धांत कच्च्या लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हां कोल्हापूरच्या छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या राज्यांतील निरुपयोगी झालेल्या जुन्या तोफा नांगरांसाठीं वितळवावयास दिल्या. तोफेचा नांगर झाला! पुढें कोल्हापूरच्या परिसरांत ओतकामाचे अनेक कारखाने निघाले आणि तें गांव त्या धंद्यासाठीं प्रसिद्ध झालें.

आमच्या किनाऱ्यावर बिडाचा तवा आला तो दोन वाटांनीं. एक वाट घाटाची. फोंडा आणि आंबोली या घाटांनीं बैलगाड्यांतून व पुढें मोटारींतून माल उतरे आणि आठवड्याच्या बाजारांत नि जत्रेंत मांडला जाई. दुसरी वाट समुद्राची. मालवणचे चाकरमानी मुंबईस गिरण्यांत व गोदींत काम करीत आणि मे महिन्यांत किंवा गणपतीला आगबोटीनें गांवीं येतांना घरासाठीं कांहीं ना कांहीं घेऊन येत. माझे आजोबा गिरणींत होते. आमच्या घरचा तवा त्यांनीं मुंबईहून बोटीनें आणला. आजीकडून तो आईकडे आला. इंचभर रुंद कांठ, दोन बाजूंना दोन कान, मधोमध किंचित् खोलगट. वजन एवढें कीं लहानपणीं मला तो एका हातानें उचलत नसे.

आतां या कथेचा माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. कारखाना काय देतो? कारखाना देतो करड्या रंगाचा, खरखरीत, सांच्याच्या वाळूचे कण अंगावर असलेला लोखंडाचा एक थाळा. त्यावर पहिलें घावन घाला. तें हटकून चिकटेल, फाटेल आणि वर लोखंडाची चव लागेल. त्या थाळ्याचा तवा करतात त्या घरांतील बायका. आमच्याकडे त्यास ‘तवा मुरविणें’ असें म्हणत. आईची रीत मी पाहिली आहे ती सांगतों. प्रथम तवा तांदळाच्या धुवणांत दोनचार दिवस बुडवून ठेवावयाचा. रोज धुवण बदलावयाचें आणि नारळाच्या सोडणानें, म्हणजे वरच्या काथ्यानें, चोळावयाचा. मग चुलीवर कोरडा करून गोड्या तेलाचा हात फिरवावयाचा. तेल दिसतां कामा नये, नुसतें लागावें. मग धूर निघेपर्यंत तापवावयाचा आणि आपोआप निवूं द्यावयाचा. असें पुनःपुन्हां. त्यानंतर त्यावर कांदा आणि खोबऱ्याचा कीस काळा होईपर्यंत परतावयाचा नि तो फेंकून द्यावयाचा. पहिल्या दिवसाचीं घावनें गाईला. पंधरा दिवसांत तव्यावर काळी, तुळतुळीत झांक येते. वर्षभरांत ती आरशासारखी होते.

पुढची निगा थोडी पण नित्याची. तवा ऊन असतांनाच सोडणानें पुसून घ्यावा. साबण, सोडा, वाळू यांचा स्पर्श नको. पाणी लागलेंच तर लगेच विस्तवावर सुकवावा आणि अर्ध्या कांद्यानें तेलाचें बोट फिरवून ठेवावा. घावनाच्या तव्यावर भाकरी भाजूं नये. कोरड्या आंचेनें काळी कांती जळून जाते. त्यांत आंबट कांहीं शिजवूं नये. आमच्याकडे माशाच्या कालवणांत कोकम पडतें. तें कालवण मातीच्या भांड्यांत करीत, बिडांत नाहीं, कारण आंबट रस तव्याची कांती खातो आणि कालवण काळें पडतें. पावसाळ्यांत तवा चुलीच्या वर, धुरांत टांगावा. आमच्या जिल्ह्यांत पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत पडतो आणि हवेंत खारटपणा बाराही महिने असतो. लोखंडाला ओल आणि मीठ यांहून मोठा शत्रु नाहीं. अशा ठिकाणीं लोखंडाचें भांडें तीन पिढ्या टिकवावयाचें, ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे.

आतां माझी चूक. १९८२ सालची गोष्ट. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा होऊन जेमतेम वर्ष लोटलें होतें आणि मी नुकताच शाळेंत शिक्षक म्हणून लागलों होतों. नवा मास्तर, आणि वर्गांत शिकवावयास आरोग्याचा पाठ: भांडीं स्वच्छ घासावीं, त्यांवर काळें पुट राहूं देऊं नये. घरीं आलों तों खुंटीवर तो काळाकुट्ट तवा. मला वाटलें, मुलांना आपण सांगतों काय आणि आपल्या घरीं चालतें काय! आई बाजाराला गेली होती. मीं तवा विहिरीवर नेला. सोडा, वाळू आणि विटेचा तुकडा घेऊन दोन तास घांसला. हात सोलवटले. अखेर खालचें करडें लोखंड दिसूं लागलें, तेव्हां मोठा पराक्रम केल्यासारखें वाटलें. तवा सुकावयास धोणीवर उपडा घालून मी निजावयास गेलों. मृगाचे दिवस होते. रात्रीं पाऊस पडला.

सकाळीं तवा तांबडा झाला होता. नेमकी त्याच दिवशीं बहिणीच्या सासरचीं माणसें यावयाचीं होतीं. आईनें पीठ आदल्या दिवशींच वाटून ठेवलेलें. तिनें तवा पाहिला, पुसला, तापविला, आणि एक घावन घातलें. तें उचललेंच नाहीं. दुसरें घातलें, तेंही नाहीं. शेवटीं शेजारून तवा मागून आणावा लागला. आईनें तोंवर कोणाकडे तवा मागितला नव्हता. मागणारे आमच्याकडे येत. पाहुणे गेल्यावर ती मला एवढेंच म्हणाली, “बाबा, तू तवो धुलस नाय, तेची साल काढलस.” ती रागावली असती तर बरें झालें असतें. दुसऱ्या दिवसापासून तिनें तांदळाचें धुवण सांठवावयास सुरुवात केली, आणि श्रावण लागेपर्यंत रोज स्वयंपाक आटोपल्यावर ती तव्यापाशीं बसे. जी कांती दोन बायकांनीं मिळून चाळीस वर्षांत चढविली होती, ती मीं दोन तासांत उतरविली होती.

ती कांती म्हणजे नक्की काय, हें मीं त्यानंतर कुतूहलानें समजून घेतलें. कांहीं तेलांचा गुण असा आहे कीं पातळ थर देऊन तीं तापविलीं असतां हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतात. त्यांचे लहान लहान कण एकमेकांत गुंफले जातात, आणि द्रव तेलाचें घट्ट, चिवट पटल बनतें. जवसाच्या तेलानें लांकडावर चढणारें रोगण याच जातीचें. हें पटल लोखंडाच्या खरखरीत छिद्रांत बसतें; त्यामुळें पीठ चिकटत नाहीं आणि ओल लोखंडापर्यंत पोंचत नाहीं. म्हणजे ज्याला मी मळ समजलों, तें तव्याचें चिलखत होतें. मळ कोणता आणि कांती कोणती, हें ओळखण्याची खूणही सोपी आहे: बोट फिरवून जें हाताला लागतें, चिकट वाटतें, तो मळ, तो काढलाच पाहिजे. जें गुळगुळीत असून बोटाला लागत नाहीं, ती कांती.

येथें आणखी एक नवल सांगतों. आमच्या घरीं सारा स्वयंपाक खोबरेलांत होई. पण तवा मुरवितांना आई गोडें तेल मागे, आणि तिळाचें मिळालें तर फारच उत्तम म्हणे. कां, असें विचारलें तर ‘खोबरेल धरत नाय’ एवढेंच उत्तर. रसायनशास्त्र आज तेंच सांगतें. जे स्निग्धांश अशा रीतीनें गुंफले जातात, ते तिळाच्या तेलांत भरपूर आणि खोबरेलांत अगदीं थोडे. खोबरेल गंजापासून तात्पुरतें राखील, पण त्याचें पटल बनणार नाहीं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हें कोणत्या पुस्तकानें सांगितलें? कोणत्याच नाहीं. तिच्या सासूनें सांगितलें, आणि सासूला तव्यानें.

माझ्या मनांत मग एक तुलना घोळूं लागली. मुलांची सहल घेऊन मी अनेकदां विजयदुर्गास जात असें. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं त्या किल्ल्यावर तोफा डागल्या, तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें आणि किल्ला पडला. हा इतिहास आम्ही तेथें उभें राहून सांगतों. किल्ल्यांत जुने तोफगोळे ठेवलेले आहेत. मुलें ते हातानें चांचपून पाहतात. एकदां एका मुलाच्या तळहाताला लागलेला तांबडा गंज पाहून मला आमचा तो सकाळचा तवा आठवला. ओतीव लोखंडाची कला एकच. तिच्यांतून गोळा निघतो आणि तवाही निघतो. गोळ्याला इतिहासांत जागा मिळाली. त्याच्यावर पुस्तकें झालीं, पण त्याला तेलाचें बोट कोणी लावलें नाहीं, आणि खारा वारा त्याचे पापुद्रे काढीत राहिला. तव्याला कोणत्याही पुस्तकांत जागा नाहीं. पण रोज कोणी तरी त्याला पुसलें, म्हणून तो तीन पिढ्या काळा आणि घट्ट राहिला. इतिहास टिकतो तो नुसता लिहून नव्हे, निगा राखूनही टिकतो, हें मला त्या दिवशीं कळलें.

तव्याचे दिवस पुढें फिरले. आधीं अल्युमिनिअम आलें, मग स्टेनलेस स्टील. १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट या रसायनज्ञाला टेफ्लॉन हा पदार्थ योगायोगानें सांपडला, आणि १९५० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें त्याचा लेप दिलेले तवे निघाले. यथावकाश ते आपल्याकडेही आले. हलके, न चिकटणारे, कौतुकाचे. त्यांना नांवें ठेवण्याचें मला कारण नाहीं. सांधे दुखणाऱ्या बाईला चार शेरांचा तवा उचलावयास सांगणें हा अन्याय आहे. मात्र दोहोंत एक भेद आहे. त्या तव्याचा लेप गेला म्हणजे तवा गेला; तो घरीं पुन्हां चढवितां येत नाहीं. बिडाची कांती गेली, तर ती आपल्या हातांनीं परत आणतां येते. अलीकडे शहरांतून बिडाचे तवे पुन्हां मागितले जात आहेत, आणि कांहीं कारखाने ते तेल मुरवूनच विकतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तवा विकत मिळतो, निगा मिळत नाहीं. कारखान्यानें दिलेली कांती हा नुसता आरंभ असतो.

आमच्या जिल्ह्यांत दुसरेंच एक दुःख आहे. घरेंच्या घरें बंद असतात. माणसें मुंबईस, पुण्यास. गणपतीला कुलूप निघतें आणि विसर्जनानंतर पुन्हां लागतें. चूल पेटत नाहीं, धूर होत नाहीं, आणि खुंटीवरचा तवा पावसाळ्यांत एकटा पडतो. मीही त्याला अपवाद राहिलों नाहीं. २०१८ सालीं निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे राहावयास गेलों. पुढच्या गणपतीला घर उघडलें, तों तवा दोन्ही अंगांनीं तांबडा. आई जाऊन तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं. सुनबाई म्हणाली, “बाबा, आतां हा टाकून देऊंया, मी नवा आणतें.” मीं म्हटलें, थोडे दिवस थांब.

गंज काढण्यापुरती विटेची पूड वापरली. यावेळीं ती वापरावयाचें योग्य कारण होतें. तांदळाचें धुवण, सोडण, तिळाचें तेल. पहिल्या खेपेस मीं तेल फार लावलें. डिंकासारखें चिकट पुट झालें आणि सारें पुन्हां उतरवावें लागलें. दुसऱ्या खेपेस तेल लावून पुन्हां कोरड्या फडक्यानें पुसून काढलें, जणू लावलेंच नाहीं असें. पांच दिवसांनीं रंग बदलला. नवव्या दिवशीं घातलेलें सातवें घावन अखंड निघालें. कांठ आपोआप सुटले, जाळी पडली. सुनेनें तें पाहिलें आणि काय काय केलें, किती तेल, किती वेळ, असें एकेक विचारून घेतलें. चाळीस वर्षांपूर्वीं आईला हें सारें विचारावयाचें सोडून मी तिचा तवा घांसीत बसलों होतों. आतां तो तवा सुनेच्या घरीं, ठाण्यास आहे. तेथें धूर नाहीं. म्हणून वापर नसेल तेव्हां तेलाचें बोट फिरवून, कागदांत गुंडाळून, कोरड्या फडताळांत ठेवावयाचा असें ठरलें आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं असा एखादा तवा, कढई किंवा आप्प्यांचें पात्र माळ्यावर पडलेलें असेल. तें खालीं काढा. गंजलें असेल तर भिऊं नका. फुटलेलें नसेल तर तें सुधारेल. परंतु घांसावयास बसण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या बाईला हांक मारा आणि विचारा कीं हें कोणीं आणलें, कोठून आणलें, आणि याला तेल कोणतें लागतें. जें उत्तर मिळेल तें लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे, आणि तो सांगणारीं माणसें फार दिवस थांबत नाहींत.